हलगीनं गिळलेला भोंगा

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढं राहून शेवटचा नंबर काढणारा आमच्या घराण्यात मीच पहिला.

माझी सासुरवाडी कुरुंदवाडची. तिथं पोरं वल्ह्यांच्या शर्यती बघतच मोठी होतात, आणि मी पडलो कोल्हापुरात टँकच्या कडेकडेनं पोहणारा! सासरे, म्हणजे मामा, चारचौघांत सांगायचे, "आमचं जावई कोरडं हाय." ते मनाला फार लागायचं. म्हणून हट्टानं तलावावर शीड धरायला शिकलो आणि स्पर्धेत नाव घातलं. मामांच्या तोंडून एकदा तरी शाब्बासकी ऐकायचीच होती.

मामा जीपभर पावणे आणि हलगीवाले घेऊन आले. मी त्यांना नियम समजावले. इथं होड्या ओळीत उभ्या राहत नाहीत. रेषेमागं घिरट्या घालायच्या आणि भोंगा झाला की रेषा ओलांडायची. कुणी आधीच ओलांडली तर पुन्हा भोंगा होतो, आणि त्यानं माघारी येऊन नव्यानं निघायचं.

"पुढं गेलेल्यानं माघारी यायचं?" मामा म्हणाले. "ही कसली शर्यत म्हणायची?"

सुटताना वारा असा भरला की मी भोंग्याच्या जरा आधीच रेषेपार! दुसरा भोंगा झालाही असेल. पण जावई पुढं दिसताच काठावर हलगी कडाडली, मेहुण्यानं फटाक्यांची माळ लावली, आणि मी फुगलो. मागच्या होड्यांतले लोक हातवारे करून काहीतरी ओरडत होते. (जळतात, दुसरं काय!) मी त्यांना टाटा केला.

पाण्यातल्या पिवळ्या फुग्यांना वळसे घालून मी सगळ्यांच्या आधी परतलो. मामांनी मला गुलालानं माखलं, पाठ थोपटली, चक्क डोळे पुसले. तेवढ्यात पंचांनी मला बाद केलं.

गुणांचा हिशेबही इथं उलटा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ज्याचे कमी तो जिंकला. बाद होणाऱ्याला शेवटच्यापेक्षाही एक जास्त. पंधरा होड्यांत मला सोळा! मामा फळ्यापुढं बराच वेळ उभे राहिले.

"पावणं, सगळ्यात जास्त तुमचंच हाईत की."

"मामा, इथं जास्त म्हणजे..."

"गप बसा. मला वाचता येतंय."

आता कुरुंदवाडच्या स्टँडसमोर माझ्या फोटोचं डिजिटल लागलंय: 'सर्वाधिक गुण मिळवल्याबद्दल जावईबापूंचं हार्दिक अभिनंदन!' त्यात एक अक्षर खोटं नाही. छापायला जाण्याआधी मजकूर मीच तपासून दिला होता.