आठ वाट्या डिझेल

त्या दिवशी दुपारी माझा भाऊ रत्नपाल जेवायला उठायलाच तयार न्हवता. हुमनाबादला हायवेच्या कडंला त्येचं गॅरेज. मी बाजूच्या ढाब्यावर भाकरी करते, त्येचा डबा मीच नेऊन द्यायची. म्हणलं, "अण्णा, भाकरी गार व्हायलीय." त्यो म्हणला, "शीले, दोन वाट्या ऱ्हायल्यात. थांब."

वाट्या म्हंजे इंजनच्या हेडातल्या. कलबुर्गीच्या गुरुशांतप्पांकडं त्येंच्या आज्याची मोठी परदेशी मोटार हाय. इंजन आठ सिलेंडरचं, चार हिकडं चार तिकडं, म्हणून त्येंच्यावरली झाकणं, म्हंजे हेडं, बी दोन. हेड पालथं ठेवलं की चार वाट्या दिसत्यात, हर वाटीच्या तळाला दोन व्हॉल्व. अण्णानं जन्मभर लाऱ्याच केल्या. हे इंजन आलं त्या दिवशी त्येनं हात बी लावला न्हाई, स्टूल घिऊन नुस्ता बघत बसला. मी विचारलं, "कामून बसलास?" तर म्हणला, "वळख करून घ्यायलाव."

अप्पांला त्या मोटारीतनं लेकीची वरात काढायची होती. हैदराबादेवरनं तेंनी नवा क्याम आन नवी दोन हेडं आणली. क्याम म्हंजे लांब लोखंडी दांडा, त्येच्यावरले उंचवटे व्हॉल्व उघडत्यात. नव्याचे उंचवटे मोठे, हेडातली हवेची भोकं बी मोठी.

अण्णानं जुना आन नवा क्याम बाकड्यावर शेजारी ठेवले. डोळे मिटून एकेका उंचवट्यावरनं अंगठा फिरवला. मग विचारलं, "अप्पा, वरातीत गाडी पळवणार का चालवणार?"

"बँडाच्या मागं हाय. चालवणार."

"मग हे पळायचं सामान हाय. हायवेवर सोडलं तर लारीवाले बघत ऱ्हातील. पर माणसाच्या पायानं चालवलं की ठसकंल, आन लेकीला घिऊन चौकात बंद पडंल."

"मोठं घातल्यावर ताकद कमी हुती व्हय? मला येडा समजायलास का मिस्त्री?"

अण्णा चिडला न्हाई. मला म्हणला, "शीले, तुझी फुंकणी आण." मी चुलीची फुंकणी आणली. त्येनं बाकड्यावर राख पसरली. लारीचा एक रुंद पाईप अप्पांच्या हातात दिला. "फुका, पर हळू." राख जाग्यावरच. मग फुंकणी दिली. तसंच हळू फुकलं तर राख सगळी उडून अप्पांच्याच पांढऱ्या शर्टावर. संगं काम करणारा बळीराम तोंड फिरवून हसायला लागला.

"हळू श्वासाला बारीक वाट लागती," अण्णा म्हणला. "जुन्या हेडाची वाट बारीक हाय. हा जुना क्याम बी त्याच मापाचा. दोघांचा श्वास एक हाय, अप्पा."

वीस वर्सं मी फुंकणी फुकायले. त्यात एवढं हाय हे मला ठावं न्हवतं. मी भाकरी सोडून हुभीच ऱ्हायले.

अप्पा शर्ट झटकत म्हणले, "तुझी फुंकणी खरी. पर ती हेडं आज्याच्या वेळची. गळणार."

"व्हॉल्व घासून बसवतो. मग वाट्यांत डिझेल भरून ठेवतो, खाली कोरडा पेपर. पेपरावर थेंब पडला तर तुमचं नवं चढवतो, एक शब्द बोलणार न्हाई."

त्यावर आठ दिवस त्यो व्हॉल्व घासायलता. राखाडी पेस्ट लावून, दांडी तळहातात धरून, ताक घुसळल्यावानी. सोळा व्हॉल्व. शेवटचे चार त्या दुपारी झाले. मग त्येनं आठी वाट्या काठापतूर भरल्या, पत्र्यानं झाकल्या, अन हात न धुता भाकरी घेतली. अर्धीच खाल्ली. छाती दाबायलीय म्हणला, पित्त असंल म्हणला. बळीरामनं जीपात घातलं. दवाखान्याच्या दारात गेला. छप्पन वर्सं.

आंघोळ घालताना वैनीनं लई चोळलं, पर नखातली राखाडी पेस्ट निघाली न्हाई. तशीच संगं गेली.

माती झाल्यावर बळीराम मला म्हणला, "अक्का, आता नवंच चढवावं लागंल. मिस्त्रीच न्हाई तर जुन्याची ग्यारंटी कोण घेणार? वरात तोंडावर हाय." म्हंजे माझ्या भावाचं शेवटचं काम भंगारात जाणार.

पाचव्या दिवशी भंतेजींनी त्रिसरण पंचशील घेतलं, लोकं जेवली. गुरुशांतप्पा बी आलते. फोटोला फूल वाहून मला म्हणले, "अक्का, गॅरेज उघडायला सांगा."

बळीरामनं शटर वर केलं. कुणी काय हलवलेलं न्हवतं. पत्रा उचलला. आठी वाट्या काठापतूर भरल्याल्या. एकीत एक चिलट तरंगायलतं. पाच दिवस, अन केसभर बी खाली गेलं न्हवतं. बळीराम नुस्ता हेडाला हात लावून हुभा.

अप्पा खाली बसले. हेडाखालचा कन्नड पेपर हळू वढून काढला, दारातल्या उजेडात धरला, हिकडून बघितला, तिकडून बघितला. कोरडा खडंग.

त्येंनी त्यो घडी घालून खिशात ठेवला. मग हैदराबादची क्यामची पेटी उचलली, ग्रीस शर्टाला लागायलं तरी कुणाला उचलू दिली न्हाई, अन परत धाडायला आपल्याच गाडीत नेऊन ठेवली.