गुप्त खात्यातले जाधवकाका

जाधवकाका धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून भजनाला येत. पण पायांत पोलीस खात्याचे तांबडे बूट असत. देवळाच्या पायरीवर आमच्या चपलांच्या रांगेत ते बूट दिसले की पुजारी आतूनच ओरडत, "सरकार आलं रे, चहा टाका!"

मध्य भारत हे राज्य मोडून ग्वाल्हेरऐवजी भोपाळ राजधानी झाली, तेव्हाची ही गोष्ट. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून तिकडे चालल्या होत्या. आमच्या हजिरा मोहल्ल्यातल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी जमणारं आमचं भजनी मंडळ आरती झाली की सरकारला शिव्या घाली. त्याची कुणकुण वर गेली. मंडळ मराठी, तेव्हा मराठी माणूस पाठवावा, असं साहेबांनी ठरवलं आणि नेमकं जाधवकाकांना पाठवलं. त्यांची सख्खी मावशी देवळासमोरच राहत होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना हात जोडले. "हे बघा, मी इथं गुप्त आहे. कोणाला बोलायचं नाही. माझ्या नोकरीची बात आहे."

आम्ही त्यांच्या हाती झांज दिली. ताल पक्का होता. अभंग रंगला की त्यांचे डोळे मिटत आणि नंतरची भाषणं झोपेतच जात. मग परतताना मला गाठत. "भैया, काय काय बोलले लोक? साहेबांना रिपोर्ट द्यायचा आहे."

"भोपाळचं पाणी आपल्याला मानवणार नाही म्हणतात."

"वा! हे साहेबांना पसंत पडेल."

मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा कारकून होतो, अजून कायम झालो नव्हतो. अशा बैठकीत मी बसतो हे वर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. काकांच्या रिपोर्टात माझं नाव कधी आलं नाही.

एका गुरुवारी मावशी आजारी पडल्या म्हणून ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारायला आले, तेव्हा मला चेष्टा सुचली. "काका, सोमवारी दफ्तराचे ट्रक निघणार ना? सगळं मंडळ त्यांच्यापुढे रस्त्यात आडवं पडणार आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "या उन्हात? जोशीमास्तरांना दमा आहे रे!"

मी हसू दाबून घरात पळालो.

सोमवारी लाठ्या घेतलेले शिपाई गाड्या भरभरून आले. मोठे साहेब जातीने हजर होते. रस्त्यात आडवी पडली होती ती फक्त एक म्हैस. तिला उठवायलाच साहेबांना अर्धी फौज लावावी लागली. सगळं शहर हसलं. पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या पंगतींत मीच ही गोष्ट रंगवून सांगत असे. "असं आपलं सरकार! खबर काय, बंदोबस्त काय, आणि निघाली काय, म्हैस!" लोक पोट धरून हसत. खबर कोणी दिली होती, ते मी सांगत नसे.

चौकशीत साहेबांनीही तेच विचारलं होतं. काका म्हणाले, "सांगणार नाही." त्यांची नोकरी गेली, थाटीपूरचं सरकारी क्वार्टर गेलं. जावयाकडे झाशीला जायच्या दिवशी ते माझ्या दारात आले. बूट खात्यात जमा केले होते; पायांत जुन्या चपला होत्या. दुसऱ्याच्या पायांनी आल्यासारखे ते जपून चालत होते.

मी विचारलं, "काका, माझं नाव का नाही घेतलंत?"

"कायम झालास का?"

"नाही. पुढच्या महिन्यात."

"मग? झालास की आईला पेढे आणून दे." ते वळले, दोन पावलं गेले आणि पुन्हा मागे आले. आवाज खाली करून म्हणाले, "आणि हे बघ, कोणाला बोलायचं नाही. गुप्त आहे."

त्यांचं एवढं एकच सांगणं मी आजवर नीट पाळलं.