उलट्या पावलांची गाडी

आमच्याकडे एखादा शिकलेला माणूस तोंडावर आपटला की अजून म्हणतात, "बी.ए. टायर निघाला." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्यातला बी.ए. कोण ते माहीतही नाही. तो मी. आणि टायर चांगले होते. एवढं एक वाक्य तेव्हा कोणी ऐकून घेतलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पेणकरपाड्यात आमचं घर. थोडी भातखाचरं होती, पण घर चालायचं ते मिठावर. मिठागरं शेठच्या ताब्यात, आमच्याकडे फक्त वाहतूक. आगरातलं मीठ बांधावरून बाहेर काढायचं आणि भाईंदरच्या मालधक्क्यावर नेऊन टाकायचं. आजोबांपासून हे काम बैलगाड्यांवर चाललं होतं. साठीचं दशक सरत आलं तसा शेठ कुरकुरायला लागला. बैलगाडीत दिवस जातो, म्हणाला. मोटार आणा, नाहीतर घोडबंदरचा एकजण मोटार घेऊन दारात उभा आहे. शेठ हे हसत हसत बोलला, पण हसत बोललेलं तो विसरत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाहतूक गेली असती तर आमच्या हाती खाचरंच उरली असती, आणि त्यांत चार महिन्यांपुरताही तांदूळ पिकत नव्हता.

घरात शब्द चालायचा तो मोठ्या काकांचा. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाबा त्यांना दादा म्हणत, आणि दादा उभे असले की बाबा बसत नसत. काकांनी ठाण्याच्या एका वखारीमागे पडलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची जुनी पिकअप शोधून काढली. टपाचं कापड कुजलेलं, हौद्याच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या, पण चेसिस शाबूत होती. लढाईच्या दिवसांत बाबा एका लष्करी छावणीत ड्रायव्हर होते आणि असल्याच गाड्या हाकत होते. त्यामुळे इंजिन खोलणं, स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवणं, आंब्याच्या फळ्यांचा हौदा बसवून घेणं, हे सगळं त्यांनी अंगणातच केलं. राहिले टायर. गाडीबरोबर आलेले टायर इतके झिजलेले की त्यांवर हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं.

टायर आणायचं काम काकांनी माझ्यावर टाकलं. कारण सांगितलं ते असं: "टायरवर विंग्रजी लिवलेला असतं, ते याला वाचता येल." मी घराण्यातला पहिला बी.ए. नुकताच फोर्टातल्या एका कचेरीत लागलो होतो. पदवी मिळाली तेव्हा घरात कोणी पेढा वाटला नव्हता. वाचता येतं म्हणून टायर आणायला पाठवलं, हाच माझा पदवीदान समारंभ. मी तो फार मनावर घेतला.

आमचा बांध बाहेरच्या माणसाला समजत नाही. वरून बोटभर चिखल, साबणासारखा बुळबुळीत. त्याखाली वर्षानुवर्षं चोपून बसवलेली घट्ट माती. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी बांधाला चाटून जातं, तेव्हा तर अनवाणी माणूसही बोटं रोवत चालतो. रुंद टायर घेतला तर तो चिखलावर तरंगणार आणि बांधाची कड ढासळवणार. हवा होता तो उंच, अरुंद आणि चिखल कापून खालच्या मातीला दात लावणारा टायर. हे मला कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. ज्या बांधावर मी शाळेला जाताना पडलो होतो, त्यानंच सांगितलं होतं.

कुर्ल्याच्या जुन्या टायरांच्या बाजारात मी आठवडाभर कचेरी सुटल्यावर फिरलो. दुकानदार आधी नवं रबर चढवलेले, सरळ रेघांचे टायर पुढे करी. काळे कुळकुळीत, नव्यासारखे. काकांनी पाहिले असते तर तेच उचलले असते. पण त्या रेघा डांबरासाठी. चिखल त्यांत बसला की टायर पुन्हा गुळगुळीत. मग बटनाचे, म्हणजे सुट्या गाठींच्या दातांचे टायर निघाले. ते बरे होते, पण आमच्या रिंगला बसणारे सगळे कडेला चिरलेले. शेवटी एका दुकानाच्या माळ्यावर लष्करी टायर सापडले. जाड दात, मधून दोन्हीकडे तिरके उतरलेले, म्हणजे एकापुढे एक बाणच बाण. मी नखानं रबर दाबून पाहिलं, वाकवून कडा पाहिल्या, आतून हात फिरवला. दुकानदार म्हणाला, "क्या बाबू, शादी के लिये लडकी देखता है क्या?" मी म्हटलं, लडकीला एवढं बघत नाहीत. तो हसला आणि चारही टायर खाली उतरवून दिले.

बाण पाहिल्याबरोबर मला बाबांचे शब्द आठवले होते. लहानपणी छावणीच्या गोष्टी सांगताना ते म्हणायचे, बाणाचे टायर बसवताना टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे, पाय मागून. टोक चिखल फोडतं आणि पाय तो बाहेर फेकतात. उलटं बसवलं तर चिखल मधेच कोंबला जातो आणि चाकाचा लाडू होतो. मी टायर घेऊन आलो तेव्हा बाबांनी ते पाहिले, एका दातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हां. हेच." बाबांच्या तोंडून मला मिळालेली सगळ्यांत मोठी शाबासकी ती. बसवलेही त्यांनीच, टोक आधी टेकेल असे.

पहिली चाचणी उधाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. बाबा गाडी घेऊन बांधावरून आगरात गेले, रिकामी नव्हे, हौद्यात माती भरून. एकदाही घसरली नाही. मी मागून चालत होतो आणि ऊर भरून आला होता, ते आता नाकारण्यात अर्थ नाही.

पण काका गाडीकडे बघत नव्हते. ते बांधाकडे बघत होते. काका पावलं वाचायचे. मीठ चोरायला कोण आलं, कोल्हा कुठून शिरला, कोणाची म्हैस सुटली, सगळं चिखलावरून सांगायचे, आणि ते चुकत नसत. आता चिखलात बाण उमटले होते. टोक आधी टेकणाऱ्या टायराचा ठसा उलटा पडतो. गाडी पुढे जाते आणि चिखलातला बाण मागे दाखवतो. काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी गेली आगरान, आन पावलां घरा येतान. ही कुठली रीत रं?"

उलट्या पावलांचं कोण असतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका मागे उभ्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "हडळीचा पाय हाय ह्यो." झालं. दुपारपर्यंत बायकांनी सांगून टाकलं की त्या पावलांवर पाय द्यायचा नाही आणि त्या गाडीत पाटी ओतायची नाही. बायका अडल्या तर गाडी भरणार कोण?

मी समजावलं. दोन्ही तळवे जोडून चिखलात घातले आणि दाखवलं, टोक पुढे केलं की चिखल बाजूला जातो, ओंजळ पुढे केली की हातातच साचतो. बायका माझ्या हातांकडे बघून हसल्या. मग मी तोड सुचवली. गाडीच्या मागे शिंदीची एक झावळ बांधू, ती ओढत जाईल आणि ठसे पुसत जाईल. पावलं दिसलीच नाहीत तर भ्यायचं कशाला? अजूनही मला वाटतं की याहून सोपा उपाय नव्हता. काकांचा चेहरा मात्र लाल झाला.

"पावलां चोर पुसतान," ते म्हणाले. "आपण चोर न्हाय."

मला वाटलं, विषय संपला. पुढचे दहा-बारा दिवस गाडी अंगणात उभी होती, मी सकाळी कचेरीला जात होतो, संध्याकाळी येत होतो. बायका पाट्या भरायला तयार झाल्याचं आईनं सांगितलं. माझं समजावणं पोहोचलं म्हणून तयार झाल्या, असं मी धरून चाललो. शिकलेल्या माणसाला ही खोड असतेच.

पुढच्या उधाणाला शेठ स्वतः आला. मालधक्क्यावर वॅगन लागणार होती. ओल्या बांधावरून भरली गाडी बाहेर आली तर मोसमाची वाहतूक आमची, असं ठरलं होतं. मी रजा टाकली होती. शेठशी बोलायला म्हणून मला बांधाच्या या टोकाला, त्याच्या छत्रीजवळ उभं केलं होतं. घोडबंदरवालाही आला होता, सहज आल्यासारखा, सुपारी चघळत.

गाडी निघाली. अर्ध्या बांधापर्यंत आली आणि मागची बाजू मासळीच्या शेपटीसारखी हलायला लागली. बाबांनी गियर पाडला. चाकं जागच्या जागी फिरली, त्यांच्यावर चिखलाचे लाडू चढले. मग गाडी हळूच, कुणी हात धरून नेल्यासारखी, कडेवरून खालच्या वाफ्यात उतरली आणि कलंडली. बायकांनी सकाळपासून वाहिलेलं पांढरं मीठ काळ्या गाळात गेलं.

मी धावत गेलो. बाबांना लागलं नव्हतं. मग माझं लक्ष वर आलेल्या चाकाकडे गेलं. चारही टायर फिरवून बसवलेले होते. टोक मागे, पाय पुढे. बांधावर बाण मात्र आता सरळ उमटले होते, गाडी जिकडे चालली होती तिकडेच दाखवणारे. सरळ पावलांची गाडी सरळ खड्ड्यात गेली होती.

तोवर सगळे जमले. काका शेठला म्हणत होते, "काय करतां शेठ, शिकल्याल्या पोराच्या पसंतीचे टायर." शेठ हसला. "बी.ए. टायर," तो म्हणाला, आणि बाकीचेही हसले. ते नाव तिथे, त्या क्षणी पडलं.

मी म्हटलं, टायर उलटे बसवलेत. काका म्हणाले, कोणी बसवले? गाडी तुझ्या बाबाच्या हातात हाय, त्याला विचार.

मी विचारलं. सगळ्यांसमोर, शेठसमोर, त्या बायकांसमोर.

"बाबा, टायर कोणी फिरवले?"

बाबा चिखलात उभे होते. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हाताला लागलेला गाळ लुंगीला पुसला आणि म्हणाले, "होते तसेच हायत."

वाहतूक घोडबंदरवाल्याला गेली. आमची पिकअप बाहेर काढायला बैलच जुंपावे लागले, आणि त्याची वेगळी चेष्टा झाली.

बाबांशी मी बरेच दिवस बोललो नाही. मग एकदा विहिरीवर दोघंच होतो तेव्हा विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? ते नाही म्हणाले नाहीत. दादानं सांगितलं म्हणून फिरवले, म्हणाले. मी म्हटलं, मग तेच तिथे सांगायचं होतं. ते पोहऱ्याची दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुला नोकरी हाय. दादाचा शबुद गेला असता तर त्याच्याकडं काय रायला असता?"

लोकांना हे मी पुढे कधी सांगितलं की त्यांचे डोळे पाणावतात. काय थोर भाऊ, म्हणतात. मला ते थोर वाटलं नाही, अजून वाटत नाही. काकांच्या शब्दाची किंमत माझ्या नावानं चुकती झाली, आणि ती चुकती करताना मला कोणी विचारलं नाही. नोकरी होती म्हणून मला नाव नको होतं, हे कोणी ठरवलं? त्या एका पदवीसाठी मी मालधक्क्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला होता. घरात ती फक्त एकदा उपयोगी पडली, ती दोष टाकायला.

पुढच्या मोसमाच्या आधी घोडबंदरवाल्याची माणसं आली आणि पिकअपचे चारही टायर काढून घेऊन गेली. काकांनीच दिले. अंगणात गाडी विटांवर उभी राहिली, कोंबड्या तिच्याखाली बसू लागल्या. घोडबंदरवाल्याला ड्रायव्हर हवा होता आणि ओल्या बांधावर गाडी चालवणारा माणूस आमच्या घराबाहेर नव्हता. बाबा त्याच्याकडे कामाला लागले. दादांना विचारूनच.

त्या उन्हाळ्यात रविवारी मी बाबांचा डबा घेऊन आगराकडे निघालो. उधाण होऊन गेलं होतं, बांध ओला होता. समोरून पाट्या घेतलेल्या बायका येत होत्या. चिखलात माझे बाण उमटले होते, खोल आणि स्वच्छ, टोक आधी टेकलेले. बाबांनी दुसऱ्याच्या गाडीला ते बरोबर बसवले होते. बायका त्यांवर पाय देत खुशाल चालल्या होत्या. गाडी शेठच्या पसंतीची होती, तिची पावलं कोण बघणार? त्यांतली एक मला पाहून म्हणाली, "काय बी.ए., बाबाचा डबा?" मी हो म्हटलं.

मी बाजूला उभा राहून त्यांना वाट दिली आणि खाली बघत राहिलो. काका तिथे असते तर त्यांनी ठसे वाचून सांगितलं असतं की गाडी घराकडे येतेय. बाबा त्याच बांधावरून दुसऱ्याचं मीठ आणायला आगरात गेले होते.