गुलाबी भिंतीखालची रेघ

ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं अजूनही सणकतं. काल देवळीच्या हार्डवेअरच्या दुकानात तसंच झालं. मी शिकवत होते त्या नाल्याकाठच्या शाळेत एका पावसाळ्यात पाणी शिरलं होतं. ते ओसरल्यावर खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी चिखलात उभं राहून भिंतीवर पाण्याच्या खुणेवरून कोळशाने जाड रेघ ओढली. पुढच्या उन्हाळ्यात अतिवृष्टी आणि पुराचा धोका समजावून सांगायला शहरातून एक शास्त्रज्ञ येणार होते. पाहुणे येणार म्हणून मुख्याध्यापकांनी काय करावं? अख्खी भिंत गुलाबी ऑइलपेंटने रंगवून घेतली, रेघेसकट! मी तणतणले तर म्हणाले, "मॅडम, ते घाण दिसून राह्यलं होतं ना." शास्त्रज्ञांनी पहिलंच विचारलं, "पाणी नेमकं कुठपर्यंत चढलं होतं?" सरपंचांनी गुडघा दाखवला, आणखी कुणी कंबर. "रेघ होती साहेब, यायनंच पुसली!" मावशी कडाडल्या. भिंतीला पाठ लावून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर आडवा हात धरला. "इथंवर होतं. मीच लेकरं काढली ना बाहीर!" शास्त्रज्ञांनी तिथे टेप लावून मोजलं आणि पेन्सिलीने खूण केली. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच मुख्याध्यापकांनी उरलेला गुलाबी रंग मागवून ती खूणही बुजवली. मी नुसती बघत राहिले, त्याचाच राग जास्त आहे. या महिन्यापासून त्या शाळेची मुख्याध्यापिका मी आहे. काल दुकानातून काळ्या रंगाचा एक छोटा डबा घेतला, आणि मावशींना सांगून ठेवलंय, उद्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आहे.