धबधब्याची वाट

रुमेन बारा वर्षं ट्रक चालवत होता. प्लोवदिव शहरातून टोमॅटो भरायचे, थेट जर्मनी गाठायची, की परत. पोरं त्याला दिसायची ती बहुधा झोपलेलीच. मार्चमध्ये बायकोला, स्तांकाला, इटलीत एका म्हातारीच्या देखभालीचं काम लागलं. घरी कुणीतरी राहायलाच हवं होतं, म्हणून त्याने ट्रक सोडला आणि गावातल्या गावात पाव पोचवायची गाडी धरली. पण पायाला अजून ब्रेक शोधायची सवय होती. खुर्चीत दहा मिनिटं बसला की टाच हलायला लागायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी पोरांनी धबधब्याचा हट्ट धरला. बसमधून उतरल्या उतरल्या नऊ वर्षांची रादिना म्हणाली, "पाण्याच्या बाटल्या चार. टोप्या तीन. बाबा, तुझी टोपी कुठाय?"

"राहिली घरी. चला आता."

"आईने सांगितलं होतं."

सहा वर्षांच्या कामेनने विचारलं, "वाटेत साप असतात?" मग, "कुत्री?" मग, "परतीची बस चुकली तर?" चार वर्षांची नेदा तोवर समोरच्या बाकावरच्या आजोबांना बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, भरवत होती.

"अकराच्या आत पोचायचंय!" रुमेन ओरडला. "आता कुणी बोलायचं नाही. नुसतं चालायचं."

तो झपाझप निघाला. अकराला काय होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मागून पावलं ऐकू येत होती, तेवढं त्याला पुरे होतं. धबधब्यापाशी पोचून तो वळला, तर पोरी दोनच.

"कामेन कुठाय?"

इतका वेळ हुकूम सोडणारी रादिना एकदम रडायला लागली. हुंदक्यांनी तिला बोलताच येईना. नेदा मात्र शांतपणे म्हणाली, "तो लाकडी पुलापाशी थांबलाय."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, बोलायचं नाही."

तिथे एक जोडपं चादर पसरून जेवायला बसलं होतं. पोरींना त्यांच्याजवळ बसवून रुमेन उतारावरून धावत सुटला. खाली ओढ्याचं पाणी खळाळत होतं.

पुलाच्या फळ्यांमध्ये वीतभर फटी होत्या. कामेन मधोमध रांगत होता. गुडघे सोलवटलेले, चेहरा पांढराफटक. रुमेन उचलायला पुढे झाला.

"नको! उचलू नकोस. अर्धा पूल झालाय माझा."

"अरे, पण..."

"तू तिकडे थांब."

रुमेन पुलाच्या अलीकडच्या टोकाला उकिडवा बसला. पोरगं एक फळी पकडायचं, डोळे मिटायचं, श्वास घ्यायचं, मग पुढची. रुमेनचे हात शिवशिवत होते. दोनदा तो उठला, दोनदा परत बसला. सहा फळ्यांना पाव तास लागला. शेवटी कामेन त्याच्या अंगावर कोसळला आणि शर्टात तोंड खुपसून म्हणाला, "मी हाक मारली होती. हळू मारली."

वर परतले तेव्हा नेदा त्या जोडप्याच्या डब्यातल्या भाजलेल्या मिरच्या खात होती. रादिनाचे डोळे कोरडे झाले होते, पण ती भडकली होती.

"तू नुसता पुढे बघतोस. आम्ही काय ट्रकमधले टोमॅटो आहोत?"

रुमेनने बूट काढले आणि थंडगार पाण्यात पाय सोडून तो बसला. कामेन त्याला चिकटूनच होता.

परतीच्या बसमध्ये स्तांकाचा फोन आला.

"पूल होता का वाटेत? कामेनला कडेवर घेतलंस ना? त्याला फटींची भीती वाटते."

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे? पहिल्यापासून वाटते त्याला."

रुमेन म्हणाला, "स्तांका, मला अजून काय काय माहीत नाही, ते सांग."

ती बोलत गेली. रादिना अंधारात झोपत नाही. नेदा शाळेत डबा वाटून टाकते आणि उपाशी घरी येते. रुमेन फोन कानाला दाबून ऐकत होता.

"बाबा," रादिनाने बाही ओढली, "आपला थांबा मागे गेला."

"जाऊ दे," तो म्हणाला. "पुढे उतरू."