खिळ्यांचा पट्टा

एसटीचा दांडा धरला की तळहाताला लोखंडाचा वास लागतो आणि मला आईचा पट्टा आठवतो. ओतूरच्या कॉलेजात मी सार्वजनिक धोरण हा मायनर विषय घेतला होता, आणि बिबट्यांवरच्या प्रकल्पासाठी आईचीच मुलाखत घ्यायला रानात गेले होते. ती उसाच्या कडेला कांदा खुरपत होती. बिबट्या उसात दबा धरून बसतो आणि मागून मानेवर झडप घालतो, म्हणून आमच्याकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधूनच खुरपायला बसतात. मी विचारलं, “आई, सरकारनं काय करायला पायजे?” तिनं पट्टा सोडला, माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, “आता विचार. तुझ्या मागं ऊस हाय.” पुढं मी काय विचारलं ते आठवत नाही, तिची उघडी मान आणि मानेवरचा पट्ट्याचा लाल वळ तेवढा आठवतो. माझ्या प्रकल्पाचं वर्गात लई कौतुक झालं, आणि आई आजही पट्टा बांधूनच खुरपायला बसते.