कापूस कोण वेचायचं

हे मंजिरीलाही माहीत नाही. मंजिरी माझी बायको. तिच्यापासून मी साधी वाढलेली शुगर लपवू शकत नाही, पण हे नऊ वर्षं लपवलंय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला घर घेतल्यावर आम्ही सिटिझनशिपचा अर्ज केला. त्यात एक तोंडी परीक्षा असते. प्रश्नांची यादी आधीच हातात मिळते, उत्तरांसकट. जन्मभर गाइड पाठ करून पास झालेल्या माणसाला याहून सोपं काय? तरी मी लायब्ररीतल्या फुकट वर्गाला जायचो, कारण माझे उच्चार कच्चे होते. वर्ग घ्यायच्या मिस लोरेन — निवृत्त शिक्षिका, कृष्णवर्णीय, सत्तरीच्या. कितीही बर्फ पडो, वेळेवर हजर. माझ्यासाठी तर अर्धा तास जास्त थांबायच्या.

यादीत एक प्रश्न होता — अमेरिकेतल्या यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा. छापील उत्तरं तीन: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. कुठलंही एक चालतं. मिस लोरेन म्हणाल्या, तीन नाहीत, एकच आहे. दक्षिणेतल्या राज्यांना हक्क हवा होता, तो कशाचा? माणसं मालकीची ठेवण्याचा. अर्थकारण कशावर चालायचं? त्याच माणसांनी वेचलेल्या कापसावर. पश्चिमेला नवं राज्य झालं की भांडण एकच, तिथे गुलाम ठेवता येणार की नाही. उत्तर आणि दक्षिण वर्षानुवर्षं तडजोडी करत राहिले, त्या माणसांना कुणी विचारलं नाही, आणि एक दिवस तडजोडीच संपल्या. त्यांच्या पणजीची आई त्या कापसात राबली होती. हे त्यांनी हजेरी घ्यावी इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

आणि मला काय सुचलं? मी हात वर करून आमच्या घराण्याची लाडकी गोष्ट सांगितली. इथे युद्ध पेटलं, विलायतेतल्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. खापरपणजोबांनी त्या तेजीत जमीन केली. त्या जमिनीवर आमच्या पिढ्या शिकल्या, मीसुद्धा. तुमच्या युद्धामुळेच मी इथवर आलो, असं म्हणून मी हसलो. वर्गही हसला.

मिस लोरेन हसल्या नाहीत. "आणि तुमच्याकडे तो कापूस कोण वेचायचं?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता हो. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. आणि मला उत्तर येत होतं — वेचणाऱ्या बाया मी लहानपणी डोळ्यांनी पाहिल्यात. गावाबाहेरच्या वस्तीतल्या. दुपारी त्या ओंजळ धरायच्या आणि आमच्या घरचं माणूस वरून पाणी ओतायचं, तांब्याला हात लागू नये म्हणून. मीही ओतलंय. घरात त्याला शब्द होता — पद्धत. जात असं कुणी म्हणायचं नाही. मी पुटपुटलो, मजूर. आणि यादीत डोकं घातलं.

घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. ही कोण मला विचारणारी? लायब्ररीच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म होता, नाव द्यायची सक्ती नव्हती. मी लिहिलं, शिक्षिका छापील उत्तरं सोडून राजकारण शिकवतात, बाहेरून आलेल्यांना अवघडल्यासारखं होतं. अवघडल्यासारखं! किती सभ्य शब्द शोधला मी. घाबरलो होतो, असंही म्हणता आलं असतं. पण कशाला घाबरलो होतो? त्या बाईच्या एका प्रश्नाला.

दोन आठवड्यांत त्यांचा वर्ग काढून घेतला. नवीन माणूस आला, यादी वाचून दाखवणारा. मिस लोरेननी मला फोन केला — मलाच! कुणीतरी तक्रार केलीय, म्हणाल्या, पण तुमची तयारी अर्धवट राहायला नको. मग एका कॉफी शॉपमध्ये त्या चार शनिवार मला शिकवायला आल्या आणि मी गेलो. उच्चार सुधारून घेतले. एकदा त्या म्हणाल्या, अकरा वर्षं वर्ग घेतला, आता गुरुवारी सकाळी आवरून कुठे जायचं कळत नाही. मी यादीतला पुढचा प्रश्न वाचला.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. "राज्यांचे हक्क," मी म्हणालो. ऑफिसरने बरोबरची खूण केली.

शपथविधीला मिस लोरेन स्वतः केलेला लेमन केक घेऊन आल्या. युद्धाचा प्रश्न विचारला का? विचारला, म्हणालो. काय सांगितलंत?

"गुलामगिरी."

त्यांनी दोन्ही हातांत माझा हात धरला. मंजिरीकडे वळून म्हणाल्या, हा माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी.

त्या अजून आहेत, पंधरा मिनिटांच्या ड्राइव्हवर. वर्ग त्यांना परत मिळाला नाही. वऱ्हाडातली जमीन अजून आमच्याच नावावर आहे. दर वर्षी शपथेच्या तारखेला मिस लोरेनचं कार्ड येतं, आणि मंजिरी ते कौतुकाने फ्रिजवर लावते.